बैलाची नाडी पाहताना

मुलाचा ताप १०२ अंश फॅरनहाइट भरला की आपण डॉक्टरांकडे धावतो. बैलाच्या अंगात मात्र १०२ अंश ही नेहमीची स्थिती असू शकते. आंधळगावसारख्या भंडारा जिल्ह्यातील धानाच्या मुलखात अंगाला हात लावून बैलाचा ताप ओळखू पाहणारे पुष्कळ भेटतात. पण निरोगी बैल आपल्या हातापेक्षा गरमच असतो. म्हणून मोजमाप हवे.

ताप : थर्मामीटर गुदद्वारात, आतल्या बाजूला टेकवून धरतात. बैलाचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश, तर घोड्याचे ९९.५ ते १०१.५ अंश असते.

नाडी : बैलाची नाडी शेपटीच्या खालच्या बाजूस, बुडापासून सुमारे १० सेंटिमीटरवर लागते, घोड्याची खालच्या जबड्याच्या कडेला. पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. विश्रांतीत बैलाचे सुमारे ५० ते ७० ठोके पडतात, घोड्याचे २८ ते ४४. असे का? घोड्याचे हृदय शरीराच्या मानाने मोठे असते. एका ठोक्यात ते अधिक रक्त ढकलते, म्हणून कमी ठोके पुरतात.

श्वास : थोडे दूर उभे राहून कुशीची हालचाल पाहावी. फुगणे आणि बसणे मिळून एक श्वास. बैलाचे मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास होतात.

पोट : बैलाच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली की मिनिटाला एक-दोनदा पोट वर उचलल्यासारखे जाणवते. ही हालचाल थांबली, रवंथ बंद झाले, तर दुखणे आहे असे समजावे.

चिखलणीहून आलेल्या किंवा उन्हात बांधलेल्या बैलाचे सर्वच आकडे वाढलेले असतात. तेव्हा त्याला सावलीत अर्धा तास विसावा देऊन मगच मोजावे.

हे सारे कशासाठी? घटसर्पात ताप १०४ अंशांपलीकडे जातो, गळ्याला सूज येते आणि जनावर एक-दोन दिवसांतच दगावू शकते. हा रोग पावसाळ्यात, म्हणजे ऐन रोवणीच्या दिवसांत, अधिक येतो. लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. रोग जडल्यावर मात्र किती तास आधी कळले, यावरच सारे अवलंबून.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एखाद्या निरोगी बैलाच्या श्वासांची आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ नोंद करून घ्यावी. ताप व नाडी मात्र मालकाने किंवा पशुवैद्यकाने पाहावी. मुलांनी जनावराच्या मागे उभे राहू नये. निरोगी असतानाची ही नोंद हाताशी असेल, तरच आजारपणातला बदल वेळेवर लक्षात येईल. बैल काही सांगू शकत नाही; आकडे सांगतात.