रेडिओ खरखरतोय? आधी घरातले दिवे बंद करून पाहा

गेल्या वर्षी आम्ही भवानी पेठेतले जुने घर सोडून कोंढव्यात राहायला आलो. सामानात अब्बांचा स्टीरिओही आला. काचबिंदूमुळे अब्बांची नजर जवळजवळ गेली आहे. वर्तमानपत्र सुटले, तेव्हापासून रेडिओ हाच त्यांचा आधार. फज्रची नमाज झाली की आकाशवाणी पुणे, दुपारी विविध भारती, असा त्यांचा दिवस.

नव्या घरात पहिल्याच सकाळी बातम्यांऐवजी नुसती खरखर ऐकू आली. दुपारी पाहिले तर एक स्पीकर मुका, दुसऱ्यात गाण्यापेक्षा सूंऽऽ आवाजच जास्त. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "भंगारात द्या, नवा घ्या." अब्बा एवढेच म्हणाले, "जाऊ दे बेटा. माझ्यासारखाच तोही थकला." ते वाक्य मनाला लागले.

वर्गात प्रयोग करताना मुलांना आम्ही नेहमी सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होते ते पाहा. तोच धडा घरी गिरवायचे ठरवले.

खरखर कुठून येते?

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवर ते ७९२ किलोहर्ट्झला लागते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटरचे अडॅप्टर यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. हलक्या प्रतीच्या वस्तूंतून हा गोंधळ बाहेर पडतो आणि नेमका मध्यम लहरींवर खरखर होऊन ऐकू येतो.

ओळखायचे कसे? बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर घ्या, ७९२ वर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर दोषी घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक वस्तू लावत जा. आमच्याकडे चोर सापडला तो हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये! सजावटीच्या एलईडी पट्टीचा अडॅप्टर लावला की बातम्या गडप.

मध्यम लहरींसाठी स्टीरिओसोबत तारेचे एक वेटोळे मिळते. ते टीव्ही आणि राउटरपासून लांब, खिडकीजवळ ठेवा व हळूहळू फिरवा. स्लॅबमधल्या लोखंडी सळयांमुळे घराच्या आतल्या बाजूला लहरी क्षीण होतात. वेटोळ्याची दिशा बदलली तरी आवाजात फरक पडतो.

एफएमची तार

विविध भारती पुण्यात १०१ मेगाहर्ट्झवर आहे. या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर तार एफएमच्या अँटेनाला पुरते. आमची मूळ तार घर बदलताना हरवली होती. तपकीर गल्लीतून साधी तार आणली, टोक सोलून स्टीरिओमागच्या एफएम अँटेनाच्या जागी जोडली आणि खिडकीच्या चौकटीला उभी बांधली. सूंऽऽ आवाज बराच कमी झाला.

एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी किंवा उंच इमारत आली की त्या अडतात. म्हणून तार हातभर सरकवूनही पाहावी. एवढे करूनही सुरसुर उरली तर स्टीरिओऐवजी मोनो बटण लावा. दोन बाजूंचा वेगळेपणा जातो, पण शब्द स्वच्छ ऐकू येतात. विद्यापीठाचे विद्यावाणी हे १०७.४ वरचे केंद्र कमी शक्तीचे आहे. लांबच्या भागात ते अस्पष्ट आले तर सेटला दोष देऊ नये.

मुका स्पीकर

आधी बॅलन्सचे बटण मध्यावर आहे का ते पाहा. मग सेट बंद करून, मागे जोडलेल्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा. आता दुसरा स्पीकर मुका झाला, तर दोष सेटमध्ये. पहिलाच मुका राहिला, तर दोष त्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत. आमच्या तारेचे तांब्याचे टोक ओलीने हिरवे पडले होते. अर्धा इंच कापून नवे टोक सोलले आणि आवाज आला.

तारेचे सुटे धागे एकमेकांना लागू देऊ नका, सेट जळू शकतो. दोन्ही स्पीकरना लाल-काळी तार सारखीच जोडा. एकाची उलटी लागली तर तबल्याचा खर्ज पोकळ वाटतो. आवाजाचे बटण फिरवताना कर्रकर्र होत असेल तर आत धूळ बसली आहे. सेट बंद ठेवून ते बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. बऱ्याचदा तेवढ्याने भागते.

मात्र झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आत काही काळ वीज साठलेली असते. जळका वास, वारंवार उडणारा फ्यूज किंवा आवाज शून्यावर असतानाही येणारी मोठी घरघर, अशा वेळी कारागिरालाच दाखवा.

या सगळ्याला आम्हांला एक रविवार लागला. खर्च फक्त तारेचा. आता पहाटे हॉलमधली ती झगमगती पट्टी बंद असते. अब्बांना तिचा तसाही काही उपयोग नव्हता. ती आम्ही आमच्या हौसेने लावली होती, आणि त्यांच्या बातम्या तिनेच बंद केल्या होत्या.