गिरणीतलं दुसरं लोहचुंबक

आता बऱ्याच बचत गटांकडे पिठाची गिरणी आहे. आमच्याही गटाची आहे. तिच्यात लोहचुंबक कुठे आहे असं विचारलं, की सगळ्या जणी दळण ओततो त्या तोंडाशी बोट दाखवतात. बरोबरच आहे. पोत्यातून आलेला खिळा, टाचणी, तारेचा तुकडा तिथे धरला जातो, नाहीतर दगडाचा टवका उडतो आणि लोखंड पिठात जातं. पण ते रोज पुसलं नाही, तर चिकटलेल्या थरावर नवा खिळा नीट टिकत नाही. आणि खडा, काच, तांब्याची तार ते धरत नाही, म्हणून निवडणं काही सुटत नाही.

आज बोलायचंय ते गिरणीतल्या दुसऱ्या लोहचुंबकाबद्दल. ते भिंतीवरच्या स्टार्टरच्या डबीत असतं, दिसत नाही. ते काय करतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आधी साधी गोष्ट. नदीच्या वाळूत लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवा. काळे बारीक कण चिकटून येतील. ते कण एका पुठ्ठ्यावर पसरा, खाली लोहचुंबक धरा आणि पुठ्ठ्याला टिचकी मारा. कण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानीसारख्या रेघांत बसतात. लोहचुंबकाचा जोर हात न लावताही आजूबाजूला पसरलेला असतो, त्या जागेला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. टोकांपाशी कण दाटतात, कारण जोर तिथे जास्त. दोन लोहचुंबकांची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात, वेगळी ओढतात. लोहचुंबक मधोमध मोडलं, तरी प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन टोकं असतातच.

हे लोहचुंबक कायमचं. त्याला बंद करता येत नाही. बंद-चालू होणारं लोहचुंबक विजेपासून मिळतं. 1820 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकांना दिसलं, की तारेतून वीज गेली की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकाचा जोर तयार होतो. एका तारेचा जोर थोडा, पण तीच तार गुंडाळून वेढ्यांवर वेढे दिले, की सगळ्यांचा जोर एकत्र येतो. आत लोखंड घातलं, की कैक पटीने वाढतो.

मुलांसोबत करून बघा. वाइंडिंगवाल्याकडून लेप असलेली तांब्याची तार आणा. मोठ्या खिळ्यावर पन्नास-साठ वेढे द्या, दोन्ही टोकांवरचा लेप खरवडा आणि टॉर्चच्या एका सेलला लावा. टाचण्या उचलल्या जातील. टोक सोडलं, की गळून पडतील. तार लगेच तापते, म्हणून दोन-चार क्षणच धरायचं. आणि घरातल्या बोर्डाला ती तार कधीही लावायची नाही, जीव जाईल.

स्टार्टरच्या डबीत नेमकं हेच आहे, वेढ्यांची कॉइल आणि तिच्या ओढीने सरकणारं लोखंड. हिरवं बटण दाबलं, की कॉइलमध्ये वीज जाते, लोखंड ओढलं जातं, मोटारीचे संपर्क जुळतात. बोट काढलं तरी कॉइल त्यांना धरून ठेवते. लाइट गेली, की कॉइलचा जोर संपतो आणि स्प्रिंग सगळं मागे ढकलते. लाइट परत आली तरी गिरणी आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत ती थांबते.

आम्हाला हीच तर कटकट वाटायची. दिवसातून पाच-सहा वेळा लाइट जायची, रांगेतल्या बाया खोळंबायच्या. मग हिरवं बटण दाबलेलंच राहावं म्हणून आम्ही त्यात काडी खोचली. शेतातल्या पंपाला गडीमाणसं असंच करतात, ते बघूनच. बैठकीत कुणी नको म्हटलं नाही. उलट आम्हाला आमच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

गेल्या पावसाळ्यात ज्वारी ओलसर होती, दळण अडकलं. तेवढ्यात लाइट गेली. आमच्यातली एक ताई वाकून दळण मोकळं करत होती. लाइट आली, गिरणी फिरली आणि तिचा पदर पट्ट्यात गेला. दाराशी उभ्या असलेल्या मावशींनी झेप घेऊन मेन स्विच पाडला. पदर फाटला, कोपर सोलपटलं. पदर गळ्याभोवती असता तर काय झालं असतं, ते आम्ही कुणीच मोठ्याने बोललो नाही.

मोटार समजायलाही हाच जोर उपयोगी पडतो. जात्यावर दोघी बसल्या, की एकीने ओढायचं आणि दुसरीने पुढे सरकवायचं, खुंटा हातोहात फिरतो. थ्री फेज मोटारीत तारांच्या वेढ्यांचे तीन गट असेच पाळीने जोर धरतात. त्यामुळे चुंबकाचा जोर गोल फिरतो आणि मधला भाग त्याच्यामागे ओढला जातो. तिघींतली एक उठून गेली, म्हणजे एक फेज गेला, तर मोटार नुसती घूं करते, तापते आणि जळते.

व्होल्टेज कमी झालं, की स्टार्टर घरघरतो. कॉइलला लोखंड धरवत नसतं, ती धरते-सोडते, ठिणग्या पडून संपर्क जळतात. पूर्वी आम्ही अशा वेळी डबीवर थाप मारायचो. आता लाल बटण दाबतो आणि दळण उद्यावर टाकतो. लोक कुरकुरतात, पण मोटार भरून घेण्याचा खर्च ते देत नाहीत.

काडी त्याच दिवशी काढली. नुसतं काडी न घालणं पुरेसं नाही, हेही ठरलं. दळण अडकलं, की लाइट असो वा नसो, आधी मेन स्विच पाडायचा, मगच हात घालायचा. स्विचच्या पेटीला कुलूप आहे. दळण मोकळं करणारीने पेटी बंद करून किल्ली स्वतःच्या कमरेला लावायची, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. पदर खोचलेला, केस बांधलेले आणि पट्ट्यावर जाळी. जाळी बसवायला गटाच्या शिलकीतून पैसे काढले, त्या बैठकीला सगळ्या हजर होत्या.