स्वतंत्र फाइलमधून विदा वाचणे : बोलीकोशाचे संकेतपृष्ठ

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• विदा आणि आज्ञावली वेगळ्या ठेवण्यामागील कारण सांगता येईल.
• संकेतपृष्ठ स्वतंत्र फाइलमधील विदा कशी मिळवते, हे क्रमाने स्पष्ट करता येईल.
• देवनागरी मजकुराबाबत घ्यावयाची काळजी सांगता येईल.

प्रास्ताविक
बोलीतील शब्द गोळा करून त्यांचा छोटा कोश संकेतपृष्ठावर ठेवणे मराठीच्या अभ्यासकाला आज शक्य आहे. अशा कोशाच्या नोंदी पृष्ठाच्या आज्ञावलीतच लिहिल्या, तर एका अर्थाची दुरुस्ती करण्यासाठीही आज्ञावली उघडावी लागते. भाषेचा जाणकार संगणकतज्ज्ञावर अवलंबून राहतो आणि चुका तशाच राहून जातात. म्हणून नोंदी एका फाइलमध्ये व त्या दाखवणाऱ्या आज्ञा दुसऱ्या फाइलमध्ये ठेवतात. पुढे पृष्ठाची रचना बदलली, तरी जमवलेला शब्दसंग्रह अबाधित राहतो.

विदेची मांडणी
अशा विदेसाठी 'जेसन' ही मांडणी सर्रास वापरली जाते. तिच्यातील एक नोंद अशी :

{"शब्द": "चेडू", "बोली": "मालवणी", "अर्थ": "मुलगी"}

अशा नोंदी स्वल्पविरामाने जोडून चौकोनी कंसात ठेवतात. येथे तीन नियम काटेकोरपणे पाळावे लागतात. अवतरणचिन्हे सरळ व दुहेरी हवीत. लेखन-प्रणालीत आपोआप उमटणारी वक्र चिन्हे चालत नाहीत. शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम देऊ नये. देवनागरी अंक अवतरणचिन्हांतच लिहावेत, कारण जेसनच्या दृष्टीने ते संख्या नसून अक्षरे असतात.

विदा मिळवण्याच्या पायऱ्या
१. मागणी : जावास्क्रिप्टमधील 'फेच' ही आज्ञा फाइलचा पत्ता घेऊन सर्व्हरकडे ती मागते.
२. प्रतीक्षा : फाइल येण्यास वेळ लागतो; तोवर ब्राउझर थांबून राहत नाही. ग्रंथालयात मागणीपत्र दिल्यावर आधी पावती मिळते, ग्रंथ नंतर येतो; तसेच 'फेच' प्रथम केवळ 'प्रॉमिस', म्हणजे वचन, देते. त्यामुळे नोंदी वापरणाऱ्या आज्ञा विदा हाती आल्यानंतरच चालतील, अशा रीतीने लिहाव्या लागतात. नवशिक्यांना रिकामी यादी दिसते, ती बहुधा हा क्रम न पाळल्यामुळे.
३. तपासणी : फाइल सापडली नाही, तर सर्व्हर ४०४ हा संकेत पाठवतो. 'फेच'च्या लेखी तेही एक उत्तरच असते. म्हणून उत्तर यशस्वी आहे की नाही, हे आपण स्वतंत्रपणे तपासावे.
४. रूपांतर : आलेला मजकूर जेसनच्या नियमांनुसार वाचून त्याची यादी बनते. नियमभंग आढळल्यास येथे त्रुटी निर्माण होते. ती हाताळणारी आज्ञा असेल, तर वाचकाला कोऱ्या पृष्ठाऐवजी योग्य सूचना दाखवता येते.
५. प्रदर्शन : यादीतील एकेक नोंद घेऊन ती पृष्ठावर मांडली जाते.

देवनागरीसंबंधी काळजी
फाइल 'यूटीएफ-८' या संकेतनात जतन करावी. जेसनचे उत्तर वाचताना 'फेच' हेच संकेतन गृहीत धरते. यात प्रत्येक देवनागरी वर्ण व स्वरचिन्ह ३ बाइट घेते. 'चेडू' या शब्दात च, एकार, ड आणि ऊकार असे ४ घटक असल्याने तो १२ बाइटांचा होतो. संकेतन चुकले, की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

आणखी एक अडचण लक्षात ठेवावी. पृष्ठाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारून ते थेट उघडल्यास बहुतेक ब्राउझर सुरक्षिततेसाठी शेजारची फाइल वाचू देत नाहीत. सरावासाठी आपल्याच संगणकावर लहानसा सर्व्हर चालवून पृष्ठ त्यामार्फत उघडावे.

सारांश
विदा वेगळी ठेवल्याने आशयाची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकाकडे राहते. मागणी, प्रतीक्षा, तपासणी, रूपांतर व प्रदर्शन या पाच पायऱ्यांनी ती पृष्ठावर येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. 'फेच' ही आज्ञा लगेच विदा का देत नाही?
२. आपल्या परिसरातील बोलीतील पाच शब्दांची जेसन फाइल तयार करा.