‘नाहीस’मधला ‘स’

मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेत सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कीचे ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ हे छोटेसे पुस्तक निघाले होते. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आमच्याकडे व्याकरण म्हणजे मोरो केशव दामल्यांचे 1911 सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, जोर द्यायचा असेल तर पुढे घेता येते, एवढे सांगितले की क्रियापदाच्या जागेचा विषय संपायचा. मीही कित्येक वर्षे तेवढेच शिकवत आलो.

तिकडे मात्र याच जागेवरून मोठी चर्चा पेटत गेली. काळाचा प्रत्यय वेगळ्या जागी असतो आणि तो क्रियापदावर उडी घेतो, असे चॉम्स्कीने इंग्रजीबद्दल मांडले होते. पुढे प्रश्न उलटा झाला: प्रत्यय खाली उतरतो की क्रियापद वर चढते? 1978 मध्ये जोसेफ एमंड्सने दाखवले की फ्रेंच क्रियापद वर चढते. 1989 मध्ये झाँ-इव्ह पोलॉकने त्यावर कळस चढवला. इंग्रजीत ‘ऑफन’ क्रियापदाच्या आधी येते, फ्रेंचमध्ये त्या अर्थाचा शब्द क्रियापदाच्या नंतर. फ्रेंचचे काळ दाखवणारे क्रियापद ‘पा’ हा नकार ओलांडून पुढे जाते, पण ‘येणे’, ‘खाणे’ अशा भाववाचक रूपातले साधे क्रियापद नकाराच्या मागेच राहते. यावरून पोलॉकने अनुमान काढले की काळाची जागा एक आणि कर्त्याशी जुळणाऱ्या प्रत्ययाची जागा दुसरी.

हे वाचले तेव्हा पहिल्यांदा वाटले, आपल्याला याचा काय उपयोग? मराठीत क्रियापद शेवटी असते. ते डावीकडून उजवीकडे एक पायरी सरकले काय, न सरकले काय, कानाला फरक कळणार कसा? उत्तर रोजच्या बोलण्यातच होते.

‘तू येतेस’ याचा नकार ‘तू येत नाहीस’. ‘स’ क्रियापदाला सोडून ‘नाही’ला चिकटला. आता भूतकाळ बघा. ‘तू आलीस’ याचा नकार ‘तू आली नाहीस’. स्त्रीलिंगाची ‘ई’ क्रियापदावर राहिली, पुरुषाचा ‘स’ तेवढा पुढे गेला. ‘ते आले’, पण ‘ते आले नाहीत’. लिंग-वचन-पुरुष असे आपण एका दमात म्हणतो, पण नकार मध्ये उभा राहिला की लिंग अलीकडे आणि पुरुष पलीकडे. पोलॉकने पॅरिसच्या भाषेत शोधलेल्या दोन जागा इथे शाळकरी मुलाच्या तोंडीही ऐकू येतात. लिसा ट्रॅव्हिसने 1984 मध्ये नियम सांगितला होता की वर चढणारे पद मधल्या पदाला ओलांडून जाऊ शकत नाही. ‘आली’ला ‘नाही’ ओलांडता येत नाही, म्हणून ‘स’शी तिची गाठ पडत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘नाही’ हेच ‘न’ आणि ‘आहे’ यांचे कूळ सांगणारे क्रियापद, मग त्याने प्रत्यय घेतला तर नवल काय? माझे उत्तर असे: ‘आलीस’मध्ये ‘आहे’चा मागमूस नाही, तरी तिथे ‘आली’ आणि ‘स’ भेटतातच. आडवे काही नसले की भेटतात, आडवा नकार आला की नाही.

जिथे पुरुषाचा प्रत्ययच नसतो, तिथे नकार उडी मारून क्रियापदाच्या आधी येतो: न येता, न येणारी, न आल्यास. ‘न कर्त्याचा वार शनिवार’ या म्हणीतही तोच ‘न’ आहे. ‘न आली’ असे मात्र आज आपण गद्यात म्हणत नाही.

एके काळी म्हणत होतो. वि. भि. कोलते यांनी संपादलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्येच प्रसिद्ध झाले, एमंड्सचा लेख आला त्याच वर्षी. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या त्या गद्यात ‘नाहीं’ आहेच, पण पुरुषवाचक रूपांच्या आधी येणारा ‘न’ही आहे आणि ‘जाणे’ला सांधून झालेले ‘नेणे’ही आहे. म्हणजे नकाराची जागा सातशे वर्षांत हलली.

भारतात क्रियापदाच्या जागेचा हा विषय सर्वात ठसठशीत दिसतो तो काश्मिरीत. तिथे मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते, जवळजवळ जर्मनसारखे. राकेश मोहन भट यांचे त्यावरचे पुस्तक 1999 मध्ये आले. काशी वाली यांनी ओंकार कौल यांच्यासह काश्मिरीचे व्याकरण लिहिले आणि 2009 मध्ये रमेश धोंगडे यांच्यासह मराठीचेही. मराठीबाबत रिचर्ड केनचे 1994 चे मत मला पटलेले नाही. सर्व भाषांत क्रियापद मुळात कर्माच्या आधी असते, असे ते मानतात. मग मराठीत कर्म दर वाक्यात डावीकडे न्यायचे आणि त्यासाठी वेगळे कारणही द्यायचे. मात्र राजेश भट आणि वेनीता दयाल यांचा हिंदी-उर्दूवरचा 2007 चा लेख मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे. क्रियापद आधी आपल्या गटातून निसटते, मग मागे उरलेला गट उजवीकडे सरकतो, असे ते म्हणतात. आमच्या औरंगाबादच्या शहागंजात ‘आला होता का तो काल दुकानात?’ हे वाक्य ऐकले की ती मांडणी डोळ्यांसमोर उभी राहते.

याच शहरात मौलवी अब्दुल हक यांनी उर्दूचे मोठे काम उभारले. मराठीवरच्या फारसीच्या परिणामावर त्यांनी उर्दूत पुस्तकही लिहिले. उलट दिशेचा, मराठीचा उर्दूवरचा, परिणाम मात्र इथल्या दखनी बोलीत ऐकावा. दिल्लीकडचा माणूस ‘कहा’ म्हणून मग ‘कि’ लावून पुढचे वाक्य जोडतो. दखनी बोलणारा ‘मैं आता बोलके बोला’ म्हणतो, आणि मुख्य क्रियापद आपल्या ‘येतो म्हणून म्हणाला’सारखे शेवटी येते.

‘लीळाचरित्रा’तले चक्रधरस्वामी जिथे राहिले ते वेरूळ आणि पैठण इथून फार लांब नाहीत. पैठण तर एकनाथांचेही गाव. ‘लीळाचरित्रा’पासून एकनाथांपर्यंत आणि तिथून बखरींपर्यंत पानापानावर ‘न’ क्रियापदाच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हे मोजायला घेतले पाहिजे. ‘स’ने क्रियापदाची साथ नेमकी कोणत्या पिढीत सोडली, ते त्याच पानांत सापडेल.