ओल्या पायरीवरची गर्दी

माहुलच्या रस्त्याने रोज दुचाकी चालवणाऱ्याला घसरणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे ये-जा करणाऱ्या टँकरांची रांग, त्यातून कुठेतरी सांडलेले तेल आणि वर पावसाची एक सर. पुढचे चाक कधी हातातून गेले हे कळतही नाही. मग अग्निशमन दलाची माणसे येतात, तेलावर माती किंवा वाळू पसरतात आणि वाहतूक पुन्हा सुरू होते. थंड देशांत हिवाळ्यात नेमके हेच काम पहाटेपासून चालते. तिथे निसरडेपणा बर्फाचा असतो आणि वाळूच्या जोडीला मीठ टाकले जाते, एवढाच फरक.

युरोपातल्या बहुतेक देशांत फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यातही चालू असतो. ब्रिटनमध्ये कधी कधी अशी बातमी येते की मैदान उत्तम स्थितीत आहे, गवताखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांमुळे ते गोठलेले नाही, तरीही सामना पुढे ढकलला आहे. कारण स्टेडियमभोवतीचे पदपथ आणि आतले जिने गोठले आहेत. परगावच्या संघाचे चाहते पहाटे उठून, बस पकडून, शेकडो किलोमीटरवर येऊन पोहोचलेले असतात. ते चिडतात. खेळाडू पळू शकतात, मग आम्हाला चालता येत नाही का, असा त्यांचा सवाल असतो. त्याचे उत्तर ४० वर्षांपूर्वीच्या मॉस्कोत आहे.

२० ऑक्टोबर १९८२. मॉस्कोच्या ल्युझनिकी स्टेडियममध्ये, ज्याला तेव्हा लेनिन स्टेडियम म्हणत, स्पार्टाक मॉस्को आणि नेदरलँड्सचा हार्लेम या संघांत युएफा कपचा सामना होता. आदल्या दिवशी बर्फ पडला होता आणि पारा उणे १० अंशांच्या आसपास होता. तिकिटे जेमतेम साडेसोळा हजार खपली होती. म्हणून चारपैकी दोनच प्रेक्षागारे उघडली गेली. बाकीच्यांतला बर्फ साफ झालेला नव्हता. त्यातही सुमारे १२ हजार लोक एकाच बाजूला बसले, कारण ती बाजू मेट्रो स्थानकाला जवळ होती. सामना संपता संपता थंडीने काकडलेले प्रेक्षक उठले आणि त्यातले बहुतेक जण मेट्रोकडे जाणाऱ्या एकाच जिन्याकडे वळले. पायऱ्यांवर तुडवलेला, गोठलेला बर्फ होता. खालच्या पायऱ्यांवर कुणीतरी पडले. मागचे थांबू शकले नाहीत.

सरकारी आकड्यानुसार ६६ जण गेले, त्यांत किशोरवयीन मुले कितीतरी. सोव्हिएत व्यवस्थेने ही बातमी दाबली आणि १९८९ पर्यंत तिच्यावर उघड चर्चा झाली नाही. हे मृत्यू पायदळी तुडवले जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने झाले, असे तपासात नोंदले गेले. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवतीच आहे.

मुंबईत बर्फ पडत नाही, म्हणून हे आपले दुखणे नव्हे असे वाटेल. पण पायरी बर्फानेच निसरडी व्हावी लागते असे थोडेच आहे? २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, साताऱ्यातल्या वाईजवळच्या मांढरदेवीला काळुबाईच्या दर्शनासाठी प्रचंड गर्दी लोटली होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने मंदिराकडच्या पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. माणसे पडली, चेंगरली, मग दुकानांना आगी लागल्या, गॅस सिलिंडर फुटले. सुमारे ३०० भाविकांचा बळी गेला. नारळाचे पाणी आणि मॉस्कोचा बर्फ, यांनी केलेले काम एकच.

आणि २९ सप्टेंबर २०१७ तर मुंबईकराच्या अजून डोळ्यांसमोर असेल. सकाळी साडेदहाची वेळ, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणारा अरुंद पादचारी पूल, अचानक आलेला मुसळधार पाऊस. छत्री नसलेले लोक जिन्यावर आडोशाला थांबले, आणि लोकलमागून लोकल येऊन आणखी माणसे ओतत राहिली. २३ जण मृत्युमुखी पडले. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने पाऊस, जिन्यावर खोळंबलेली गर्दी आणि ओझे घेतलेल्यांचा तोल जाणे ही कारणे पुढे केली. फुले विकणाऱ्याचे ‘फूल गिर गया’ हे शब्द कुणीतरी ‘पूल गिर गया’ असे ऐकले, ही गोष्ट मात्र आजही चवीने सांगितली जाते.

अशा गोष्टी प्रत्येक दुर्घटनेला चिकटतात. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक यांच्या सामन्यानंतर १३ क्रमांकाच्या जिन्यावर ६६ जण मेले. मॉस्कोतला सरकारी आकडाही नेमका हाच, हा निव्वळ योगायोग. शेवटच्या क्षणी गोल झाला, बाहेर पडणारे प्रेक्षक जल्लोष ऐकून मागे फिरले आणि खाली उतरणाऱ्यांवर आदळले, अशी दंतकथा तिथे वर्षानुवर्षे चालली. चौकशीने ती फेटाळली. सगळे एकाच दिशेने, खालीच चालले होते. मध्ये कुणीतरी पडले, इतकेच. त्याच जिन्यावर १९६१ मध्येही दोघांचा जीव गेला होता. अफवेची गोष्ट सोयीची असते, कारण तिच्यात दोष गर्दीच्या डोक्यावर जातो आणि अरुंद, उतरता, निसरडा जिना नामानिराळा राहतो. ब्रिटनने निदान त्यातून १९७५ चा क्रीडांगण सुरक्षा कायदा केला.

आता शरीरात काय होते ते पाहू. ‘चेंगराचेंगरी’ हा आपला शब्द ऐकला की पायाखाली तुडवले जाणे, मोडलेली हाडे, रक्त असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात अशा प्रसंगी मेलेल्या अनेकांच्या अंगावर मोठी जखमच नसते. काही जण तर उभ्या उभ्या मरतात.

आपण विश्रांतीत असताना मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. ही हवा नाकाने ओढली जाते असे वाटत असले, तरी खरे काम छातीच्या पिंजऱ्याचे असते. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर येतात, छातीची पोकळी मोठी होते आणि म्हणून हवा आत शिरते. बरगड्यांना बाहेर येण्यापुरतीही जागा मिळाली नाही, तर नाक-तोंड पूर्ण मोकळे असूनही हवा आत जात नाही. गर्दीत माणूस श्वास सोडतो, छाती किंचित लहान होते आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेत शेजाऱ्याचे कोपर सरकते. पुढचा श्वास आधीच्यापेक्षा लहान. त्यानंतरचा त्याहून लहान.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तर दाटी वाटते, पण आपली पावले आपण टाकू शकतो. आकडा सहा-सातच्या पुढे गेला की गर्दी माणसांची राहत नाही, ती पाण्यासारखी वाहू लागते. लाटा येतात, माणूस जमिनीवरून उचलला जातो, पायातली चप्पल निघून जाते. ४ जुलै २०२४ रोजी टी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या संघाचे स्वागत झाल्यावर मरीन ड्राइव्हवर चपला-बुटांचा जो खच पडला होता, तो पाहून अनेकांना हसू आले होते. गर्दी धोक्याच्या रेषेला किती टेकली होती, याचीच ती खूण म्हणायला हवी. त्या रात्री काही जणांना श्वासाच्या त्रासामुळे रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने तिथे जिना नव्हता.

जिन्यावर गणित आणखी बिघडते. उतरताना प्रत्येकाचे थोडेसे वजन पुढच्याकडे झुकलेले असते. पुढचा आहे तोवर त्याचा आधार असतो. तो घसरून खाली बसला की तिथे खड्डा तयार होतो आणि मागचा त्यात पडतो, त्याच्यावर त्याच्या मागचा. वरच्या पायरीवरच्या माणसाला खाली काय झाले ते दिसत नाही. पुढे जागा झाली असे वाटून तो उलट पाऊल पुढेच टाकतो. तळाशी असलेल्याच्या छातीवर चार-पाच माणसांचे वजन येते. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की थोड्याच वेळात शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. ढीग उपसायला बहुतेक वेळा त्याहून जास्त वेळ लागतो.

अशा मृतांचा चेहरा आणि मान जांभळी पडते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. छाती दाबली गेल्याने डोक्याकडचे रक्त परत फिरू शकत नाही आणि केशवाहिन्या फुटतात. १८३७ मध्ये ओलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसमधल्या गर्दीत चिरडून मेलेल्यांच्या शवविच्छेदनावरून हे वर्णन केले होते. जवळजवळ १९० वर्षे वैद्यकाला हे ठाऊक आहे, तरी वर्तमानपत्रांत ‘तुडवून मृत्यू’ असेच छापून येते.

भारतातल्या फुटबॉललाही हा इतिहास आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात उसळलेल्या गोंधळात १६ प्रेक्षक गेले. क्रिकेटच्या विजयोत्सवात ४ जून २०२५ रोजी बंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले. त्या ११ जणांना मैदानात पाऊलही टाकता आले नव्हते.

मुंबईकर प्रेक्षकाने नेमके हेच ध्यानात घ्यायला हवे. माहुलच्या फुटबॉलवेड्या पोराला अंधेरीचा सामनाही परगावच्या सामन्यासारखाच. बसने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर, मग चालत शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, आणि रात्री हाच प्रवास उलटा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सामना असेल आणि परतीच्या पावसाने गाठले, तर जिने ओले, सगळ्यांना एकाच वेळी घरी जायचे आणि सगळ्यांना स्थानकाजवळचाच जिना हवा. मैदानात प्रत्येकाला खुर्ची असते. खरी दाटी त्यानंतर, मेट्रोच्या जिन्यावर आणि घाटकोपरच्या पुलावर होते. मॉस्कोतही तो जिना मेट्रोकडचाच होता.

आयोजकांनी आणि रेल्वेने काय करावे याची यादी लांब आहे, पण पहिल्या दोन-तीन गोष्टी साध्या आहेत. सामना संपताना सगळी दारे उघडी हवीत, पायऱ्या कोरड्या किंवा निदान खरखरीत पट्ट्या लावलेल्या हव्यात, आणि जिन्याच्या तोंडाशी गर्दी अडवून टप्प्याटप्प्याने सोडणारा माणूस हवा. हे न करता लोकांना शिस्तीचे डोस पाजण्यात अर्थ नाही.

तरी आपल्या हातात जे आहे ते करावे. शिट्टी वाजल्यावर १५ मिनिटे जागेवरच बसून राहिले तर बिघडत काहीच नाही. तळ झिजलेली स्लीपर घालून सामन्याला जाऊ नये. लहान मूल बरोबर असेल तर गर्दी उठायच्या आधी किंवा ओसरल्यावरच निघावे. दाटीत मुलाचे नाक मोठ्यांच्या पोटा-छातीशी येते, आणि खांद्यावर घेतले तर आपला तोल जातो. दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनाही हेच लागू. जिन्यावर मोबाइल पडला तर पडू द्यावा. वाकलेला माणूस हाच पुष्कळदा पहिला पडलेला माणूस ठरतो.

दाब वाढतोय असे वाटले तर दोन्ही हात कोपरात दुमडून मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर धरावेत. बरगड्यांपुढे तेवढी चार बोटे जागा राहिली तरी श्वास चालू राहतो. ओरडून हवा वाया घालवू नये. लाटेविरुद्ध रेटा देऊ नये; ती थांबली की तिरके सरकत कडेला निघावे, मात्र भिंतीला किंवा कठड्याला चिकटू नये, कारण सर्वांत जास्त दाब तिथेच येतो. पडलोच आणि उठता आले नाही, तर पालथे किंवा उताणे न राहता कुशीवर वळावे, गुडघे पोटाशी आणि हात डोक्यावर घ्यावेत.

मदत करणाऱ्यांकडून एक चूक वारंवार होते. जो विव्हळतोय, ज्याच्या डोक्यातून रक्त येतेय त्याच्याकडे सगळे धावतात, आणि शेजारी झोपल्यासारखा शांत पडलेला तरुण ‘बेशुद्ध आहे, शुद्धीवर येईल’ म्हणून तसाच राहतो. वेळ त्याच्याकडेच सर्वांत कमी असतो. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा अडखळता आहे, असे दिसले की १०८ ला फोन लावायला सांगून लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल. शिकलेला माणूस असेल तर दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वासही द्यावेत. हृदयविकाराच्या झटक्यात ते एक वेळ वगळले तरी चालते, पण इथे माणूस गुदमरूनच पडलेला असतो.

ढिगाखालून निघून चालत घरी गेलेल्यांचाही विसर पडू नये. स्नायू बराच वेळ दाबले गेले असतील तर त्यांतले द्रव्य रक्तात उतरते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा, १९४१ मध्ये, बायवॉटर्स यांनी ढिगाऱ्याखालून वाचवलेल्या आणि नंतर दगावलेल्या रुग्णांत हे दाखवून दिले. त्यामुळे त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, लघवी कमी झाली, मांडी किंवा दंड टणक होऊन सुजला, किंवा श्वास घेताना बरगडीत कळ येऊ लागली, तर वेदनाशामक गोळी घेऊन घरी झोपून राहू नये. जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि काय झाले हे डॉक्टरांना सांगावे: किती वेळ अडकलो होतो, आणि शरीराचा कोणता भाग दाबला गेला होता.