जुन्या वाटा – ६ : नाणेघाट खालून चढावा

गेल्या आठवड्यात आपण सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत होतो. तिथे उतरलेला माल पैठण-तेरच्या बाजारात पोचवायचा, तर मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. ती ओलांडण्यासाठी सातवाहनांच्या काळात जी वाट राबती होती, ती नाणेघाटाची.

हल्ली बहुतेक जण जुन्नरहून गाडीने थेट माथ्यावर येतात, कड्यावर उभे राहून कोकण बघतात, पावसाळ्यात वाऱ्याने उलटं उडणारं पाणी अंगावर घेतात आणि परततात. त्यात मजा आहेच, पण अशाने वाट कळत नाही. ती कळायला पायथ्याच्या वैशाखरे गावातूनच निघायला हवं. कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी तिथे सोडते. समोर नानाचा अंगठा हा कडा दिसत राहतो, झाडीतून चढत जाणारी पाऊलवाट शेवटी दोन कड्यांमधल्या अरुंद नळीत शिरते आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. सवयीच्या माणसाला दोन-अडीच तास पुरतात. पैठणहून माल गाड्यांतून भडोचला जातो, असं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. या पायऱ्यांवर मात्र गाडी चढणं शक्य नाही. इथे ओझं जनावराच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरच चढलं असणार. आपली पाठपिशवी घेऊन दम लागतो, तेव्हा त्या व्यापाराची किंमत उमगते.

माथ्याच्या जरा अलीकडे ते प्रसिद्ध लेणं आहे. आत मूर्ती नाही, स्तूप नाही. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी आणि राजकुमार यांचे पुतळे होते. आता नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नागनिकेचा लांबलचक ब्राह्मी लेख आहे. विल्यम साइक्सने १८२८ मध्ये तो जगाच्या नजरेस आणला, पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी वाचला. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची ती जंत्री आहे. एका दानाचा आकडा २४,४०० कार्षापणांचा! भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हे आकडे मोडतात.

एवढा लेख राजधानीत न कोरता या खिंडीत का कोरला? मला तरी याचं उत्तर सरळ वाटतं. देशावर जाणारा प्रत्येक तांडा इथे थांबणार, पाण्याच्या टाक्यांवर तहान भागवणार आणि हे राज्य कोणाचं ते भिंतीवर बघणार. राजघराण्याला याहून मोठी सभा कुठे मिळाली असती? माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. पुरावा नसला तरी जागा जकातीचीच आहे. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले याच वाटेभोवती उभे आहेत.

जाताना दोन गोष्टी पाळा. भर पावसात पायऱ्या शेवाळतात, म्हणून चढाईसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस निवडा. आणि लेण्यात मुक्काम केलात तर भिंतीजवळ चूल पेटवू नका, अक्षरांना हात लावू नका. दोन हजार वर्षं टिकलेला हा दगड आधीच झिजला आहे.

पुढच्या आठवड्यात घाटमाथ्यावरून पुढे जुन्नरला जाऊ. तिथल्या लेण्यांना दान देणाऱ्यांत स्वतःला यवन म्हणवणारी माणसंही आहेत.