औषधाचे दुकान आणि वाचनाची जबाबदारी

'मात्रा' हा शब्द मराठीत वैद्यक आणि छंदःशास्त्र या दोहोंत नांदतो. एकीकडे तो औषधाचे प्रमाण सांगतो, दुसरीकडे उच्चाराचे कालमान. दोन्हीकडे आशय मोजमापाचाच. वृत्तात मात्रा चुकली तर ओळ अडखळते. औषधात चुकली तर प्राणावर बेतते. औषधाच्या किरकोळ दुकानातील सुरक्षिततेचे व गुणवत्तेचे नियम तपासले असता असे दिसते की, त्यांतील बहुतेक नियम अचूक वाचणे, अचूक लिहिणे आणि लिहिलेले जपून ठेवणे यांविषयीचे आहेत. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने त्यांकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली नेमलेल्या समितीने देशातील औषधांच्या शुद्धतेची चौकशी केली. त्यानंतर १९४० चा औषधविषयक कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. यांतून दुकानावर प्रामुख्याने चार बंधने पडली : विक्रीचा परवाना, चिठ्ठीवरील औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्टची देखरेख, योग्य जागा व साठवण, आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी. लसी व इन्सुलिन यांसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमान राखावे लागते. शीतपेटीतील तपमानाची नोंदही म्हणूनच महत्त्वाची. इन्सुलिन एकदा गोठले की ते वापरण्याजोगे राहत नाही.

गुणवत्तेची अडचण अशी की, ती डोळ्यांना दिसत नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या गोडसर विषारी द्रवात विरघळवून विकले गेले व शंभरांहून अधिक माणसे दगावली. औषध विषारी असणे हा त्या वेळी तेथील कायद्याने गुन्हा नव्हता. त्यावर 'एलिक्झिर' असे छापले होते, आणि त्या शब्दाने सूचित होणारे मद्यार्क त्यात नव्हते; या नामदोषाचा आधार घेऊनच ते जप्त करता आले. एका शब्दाच्या अर्थावर जनतेचे संरक्षण अवलंबून राहावे, ही नामुष्कीच होती. १९३८ साली तेथे नवा कायदा झाला.

तथापि तेच विष पुढेही परतत राहिले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण मृत्यू पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपुरास आणले होते. कारण दर वेळी तेच. पातळ औषधांत वापरले जाणारे ग्लिसरीन वा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्या जागी वा त्यांत मिसळून हे औद्योगिक द्रव येते. प्रयोगशाळेत तपासल्याविना ते ओळखू येत नाही, आणि ते मूत्रपिंडे निकामी करते.

अशा वेळी दुकानदाराच्या हाती काय उरते? तो रासायनिक परीक्षा करू शकत नाही. पण परवानाधारक विक्रेत्याकडूनच माल घेणे, बिलावरील बॅच क्रमांक बाटलीवरील क्रमांकाशी ताडून पाहणे, आणि औषध परत मागविल्याची सूचना येताच त्या बॅचची प्रत्येक बाटली फळीवरून उतरविणे, हे त्याला करता येते. बॅच क्रमांक नोंदलेला असेल तरच ती बाटली कोणाच्या घरी गेली, याचा माग लागतो.

सुरक्षिततेचा दुसरा भाग डॉक्टरांच्या चिठ्ठीचा. हस्तलिखितांचे संपादन करणाऱ्यास परिचित असलेले सारे लेखनदोष येथे आढळतात. '५.०' मधील बिंदू पुसट झाला की त्याचे ५० होतात, '.५' मधील बिंदू निसटला की ५ होतात. म्हणून पूर्णांकापुढे शून्य लिहू नये आणि दशांशापूर्वी मात्र ते अवश्य लिहावे, असा दंडक आहे. हायड्रॅलाझीन रक्तदाबावर, तर हायड्रॉक्झीझीन खाजेवर. घाईच्या अक्षरांत दोन्ही सारखीच दिसतात. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट रोज घेतले गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. मात्र पाठसंपादकाला तर्काने पाठ सुधारण्याची जी मुभा असते, ती फार्मासिस्टला नाही. संशय आल्यास त्याने चिठ्ठी लिहिणाऱ्याला विचारावे, हाच नियम.

वेष्टनावरील खुणांनाही त्यांचे व्याकरण आहे. अनुसूची 'एच' मधील औषध चिठ्ठीविना देता येत नाही. २०१४ पासून अंमलात असलेल्या 'एच-१' अनुसूचीतील औषधांवर लाल चौकटीत इशारा असतो. अशा विक्रीची नोंद स्वतंत्र वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. त्यांत प्रतिजैविके बरीच आहेत. ती सर्रास दिल्याने जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

येथवरचा सारा व्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो. औषध घेणारा मात्र मराठी, गोंडी वा हिंदी बोलणारा असतो. या दरीवरील एक साधा सेतू म्हणजे '१-०-१' ही खूण : सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ती कोणत्याही भाषेत वाचता येते. पण 'उपाशीपोटी', 'आठवड्यातून एकदाच' किंवा 'बरे वाटले तरी थांबवू नका' हे तिला सांगता येत नाही. 'एक चमचा' म्हणजे स्वयंपाकघरातील कोणता चमचा, हेही ती सांगत नाही. मुलाच्या औषधात पाच मिलिलिटरची खूण असलेले मापच हवे. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य मानले आहे. जुन्या वैद्याच्या 'अनुपान' आणि 'पथ्य' या शब्दांत हे समजावणे गृहीतच होते : औषध कशाबरोबर घ्यावे आणि काय टाळावे, हे सांगितल्यावाचून त्याचे देणे पुरे होत नसे.

भाषांतर येथे केवळ सोयीची बाब राहत नाही. परवाना, शीतपेटी आणि वह्या सर्व काही ठीक असूनही शेवटचे वाक्य रुग्णाच्या भाषेत बोलले गेले नाही, तर निर्दोष औषधही घरी जाऊन चुकीच्या मात्रेत घेतले जाते. त्या चुकीची नोंद मात्र दुकानातील कोणत्याच वहीत होत नाही.